वाचकांचे प्रश्न : परक्या सूर्यांभोवतीचे ग्रह

प्रश्न (नाशिक) : 'जीवनयोग्य पट्ट्यात नवा ग्रह सापडला' अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी येते. हा पट्टा ठरवतात कसा? त्यातल्या ग्रहावर पाणी असतेच का?

असतेच असे नाही. जीवनयोग्य पट्टा म्हणजे ताऱ्यापासूनची अशी अंतरे, जिथे पाणी द्रवरूप राहू शकेल. तो ठरवताना ग्रहावरचे काहीच मोजलेले नसते. मोजलेला असतो तो तारा. हिशेब घरी करता येईल इतका सोपा आहे. ताऱ्याची तेजस्विता सूर्याच्या पटीत घ्या, ग्रहाचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या पटीत घ्या आणि तेजस्वितेला अंतराच्या वर्गाने भागा. कुंभ राशीतला ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटुतारा (सूर्याहून लहान आणि मंद तारा) आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याची तेजस्विता ०.०००५५ आणि त्याच्या 'ई' या ग्रहाचे अंतर ०.०२९. अंतराचा वर्ग ०.०००८४, म्हणून उत्तर ०.६५. पृथ्वीला मिळते त्याच्या ६५ टक्के ऊब. मंगळाला ४३ टक्के मिळते, शुक्राला १९० टक्के. म्हणून 'ई' पट्ट्यात आला.

पण ही झाली वरून पडणारी ऊब. जमिनीवर काय घडते ते हवा ठरवते. हवेचा पांघरुणासारखा परिणाम सोडून दिला तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअस निघते. प्रत्यक्षात ते सुमारे १५ आहे. शुक्राचे ढग सूर्यप्रकाशाचा तीन-चतुर्थांश भाग परत फेकतात, त्यामुळे याच हिशेबाने शुक्र पृथ्वीपेक्षा थंड ठरतो. त्याची जमीन मात्र ४६० अंशांवर तापलेली आहे. बातमीत 'तापमान अमुक अंश' असे वाचाल तेव्हा ते मोजलेले आहे की या हिशेबातले, हे आधी पाहा. बहुतेक वेळा ते हिशेबातलेच असते.

ट्रॅपिस्ट-१च्या 'बी' ग्रहाचे तापमान मात्र जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये खरेच मोजले. दिवसाच्या बाजूला सुमारे २३० अंश. हवा नसलेला उघडा खडक इतकाच तापेल. 'सी' ग्रहावरही शुक्रासारखी कार्बन डायऑक्साइडची दाट हवा दिसली नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : मग अशा लाल बटुताऱ्यांच्याच मागे का लागायचे? सूर्यासारखे तारे का नाही?

कारण तिथे ग्रह दिसणे शक्य आहे. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर सूर्याचा प्रकाश दशलक्षात ८४ भागांनी घटेल, तेही वर्षातून एकदा. ट्रॅपिस्ट-१ जेमतेम गुरूएवढा आहे. त्याच्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर प्रकाश ०.६ टक्क्याने घटतो, म्हणजे सत्तरपट जास्त. शिवाय 'ई'चे अधिक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणे, दर सहा दिवसांनी होते.

याची किंमतही मोजावी लागते. हे तारे वारंवार भडकतात आणि त्यांच्यावर थंड, मोठे डाग असतात. डाग इतके थंड असू शकतात की त्यांच्यातच पाण्याची वाफ असते. मग वर्णपटात उमटलेली वाफ ग्रहाची की ताऱ्याची, हे सुटे करणे हेच सध्याचे सर्वांत अवघड काम आहे.

प्रश्न (पुणे) : के२-१८बी ग्रहावर जीवसृष्टीची खूण मिळाली होती ना? पुढे काय झाले?

ठाम काही सिद्ध झालेले नाही. सिंह राशीतला हा ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर आहे. वेबच्या निरीक्षणांतून २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथिल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या रेणूचा संकेत मिळाल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म वनस्पती-प्लवक सोडतात.

संकेताची खात्री तीन सिग्माची होती. निव्वळ गोंगाटातून असे चिन्ह उमटण्याची शक्यता ०.३ टक्के. शोध मानायला पाच सिग्मा लागतात. याचा अर्थ '९९.७ टक्के जीवसृष्टी आहे' असा बिलकूल नाही. तुलनेत आणखी रेणू घेतले तर तोच आलेख दुसऱ्या रेणूंनीही जुळतो, आणि इतर गटांनी तपासल्यावर नेमके हेच समोर आले. त्यातच हा वायू ६७पी धूमकेतूवरही सापडला आहे, म्हणजे तो जीवाशिवाय तयार होतो.

ग्रह पृथ्वीच्या ८.६ पट वजनाचा आणि २.६ पट त्रिज्येचा आहे. घनता पृथ्वीच्या निम्मी. एवढ्यावरून महासागर आहे की हायड्रोजनच्या जाड थराखाली दबलेला खडक, हे सांगता येत नाही.

प्रश्न (सातारा) : भारतातून असे काम होते का?

होते. २०१८ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने माउंट अबूच्या गुरुशिखरावरील 'पारस' या उपकरणाने ग्रहाच्या ओढीने होणारे एका ताऱ्याचे डुलणे मोजले आणि त्याभोवतीच्या ग्रहाचे वस्तुमान काढले. ते पृथ्वीच्या सुमारे २७ पट भरले. पृथ्वीसारख्या ग्रहाने सूर्य सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर वेगाने डुलतो. तिथवर पोहोचणे अजून जगात कुठेच साधलेले नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : माझ्याकडे ८ इंची दुर्बीण, मोटर असलेला माउंट (दुर्बिणीची बैठक) आणि कृष्णधवल कॅमेरा आहे. घरच्या गच्चीवरून अधिक्रमण टिपता येईल का?

नक्की येईल. सुरुवात हॅट-पी-३२बी या ग्रहापासून करा. त्याचा तारा तेजाच्या ११व्या प्रतीचा आहे (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा), देवयानी तारकासमूहातल्या अलमाक ताऱ्याच्या साधारण सव्वाचार अंश उत्तरेला. प्रकाश दोन टक्क्यांहून जास्त घटतो आणि अधिक्रमण तीन तास चालते. डिसेंबरच्या सुरुवातीला तो रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असतो, म्हणजे पावसाळ्याचा अडथळाही नाही. ग्रहाची फेरी २.१५ दिवसांची आहे, त्यामुळे दोन रात्रींनंतरचे अधिक्रमण साडेतीन तास उशिरा येते. १५ दिवसांनंतरचे मात्र फक्त सव्वा तास उशिरा. रात्र निवडताना हे उपयोगी पडेल.

अधिक्रमणाच्या एक तास आधी सुरू करा आणि संपल्यावर एक तास थांबा. हे दोन तास वाचवू नका. ताऱ्याची सपाट पातळी कळली नाही तर आलेखातल्या खड्ड्याची (प्रकाशातल्या घटीची) खोली काढता येत नाही. एक्स्पोजर ६० सेकंदांपासून धरून पाहा. १६ बिटच्या कॅमेऱ्यात ताऱ्याचा सर्वांत तेजस्वी पिक्सेल ३०-४० हजारांच्या आसपास राहावा, ६५,५३५ला भिडता कामा नये. फोकस किंचित सैल ठेवा, म्हणजे प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि एखाद्या पिक्सेलचा दोष कमी बाधतो. फाइल फिट्स (मूळ मोजमाप जपणारे स्वरूप) मध्येच साठवा, जेपेग इथे निरुपयोगी. त्याच रात्री २०-३० डार्क (झाकण लावून घेतलेली चित्रे) आणि तितकेच फ्लॅट (एकसारख्या उजेडाची चित्रे) घ्या, म्हणजे कॅमेऱ्याचे दोष वजा करता येतात.

मोजणीसाठी अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात तीन ते पाच तुलना-तारे निवडा, साधारण तेवढ्याच तेजाचे आणि तशाच रंगाचे. लक्ष्य पिवळट आणि तुलना-तारा तांबडा असेल तर तारा मावळतीकडे झुकताना आलेख आपोआप तिरका होतो. तुलना-ताऱ्यांपैकी एखादा स्वतःच रूपविकारी (तेज बदलणारा) निघाला तर खोटा खड्डा दिसतो, म्हणून प्रत्येक तारा उरलेल्यांशी ताडून पाहा.

सर्वांत जास्त फसवतो तो माउंटचा पलटा. जर्मन पद्धतीचा माउंट मध्यान्हवृत्तावर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) उलटतो, तारा कॅमेऱ्याच्या चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो आणि आलेखात एक पायरी उमटते. ही पायरी अधिक्रमणाच्या सुरुवातीशी जुळली तर अख्खी रात्र वाया. तारा मध्यान्हवृत्त ओलांडून गेल्यावर सुरू होणारे अधिक्रमण निवडणे हा त्यावरचा साधा उपाय.

लॅपटॉपचे घड्याळ निरीक्षणापूर्वी इंटरनेटवरून जुळवा. तुमच्या आलेखातली सर्वांत मोलाची संख्या म्हणजे अधिक्रमणाच्या मध्याची वेळ. फेरीच्या काळात एका सेकंदाची चूक असली तर दहा वर्षांत सुमारे १,७०० फेऱ्यांनंतर ती २८ मिनिटांची होते. परक्या ग्रहांची हवा अभ्यासणाऱ्या युरोपच्या आगामी एरियल अवकाश दुर्बिणीसाठी एक्सोक्लॉक हा प्रकल्प हौशी निरीक्षकांकडून याच वेळा गोळा करतो. तुमचा आलेख नीट उतरला तर तिथे जरूर पाठवा.