नेपल्सचा सान जेन्नारो : गोठलेलं रक्त आणि नोटरीसमोर बोललेला नवस

तुम्ही १९ सप्टेंबरला इटलीतल्या नेपल्समध्ये असणार आहात आणि 'त्या दिवशी संताचं रक्त वितळतं म्हणतात, ही काय भानगड आहे?' असं विचारलंय. या सणाबद्दल मी बरंच वाचलंय. माझ्या मते चमत्कारापेक्षा त्या शहराचं आपल्या संताशी असलेलं नातं जास्त मजेशीर आहे.

आधी आख्यायिका. हा संत म्हणजे सान (संत) जेन्नारो, बेनेव्हेंतो शहराचा बिशप. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. त्याला नेपल्सजवळच्या पोत्झुओलीच्या रंगमंडलात (खेळांच्या गोल मैदानात) हिंस्र जनावरांपुढे टाकलं, तर जनावरं त्याच्या पायाशी बसली, अशी कथा आहे. शेवटी इ. स. ३०५ च्या सुमारास सोल्फातारा ज्वालामुखीजवळ त्याचा शिरच्छेद झाला. एउसेबिया नावाच्या बाईने त्याचं रक्त कुप्यांमध्ये भरून ठेवलं म्हणतात. पण रक्त वितळल्याची पहिली नोंद सापडते ती थेट १३८९ ची. मधली हजार वर्षं सगळं सामसूम!

आता नवसाची गोष्ट. १५२७ मध्ये शहर प्लेग आणि युद्धाने पिचलं होतं. तेव्हा नगराच्या प्रतिनिधींनी संताला साकडं घातलं: आम्हाला वाचव, आम्ही तुला नवं चॅपेल (छोटं प्रार्थनामंदिर) बांधून देऊ. हा नवस त्यांनी चक्क नोटरीसमोर करारनामा करून बोलला. पायाभरणीला मात्र १६०८ उजाडलं. संतानेही फारशी घाई केलेली दिसत नाही. ते चॅपेल आज शहराच्या मुख्य चर्चमध्ये, कॅथेड्रलमध्येच आहे. त्याचा कारभार चर्चकडे नाही, शहराच्या वतीने नेमलेल्या मंडळाकडे आहे. कुप्यांच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या लागतात, एक मंडळाची आणि एक आर्चबिशपची.

रक्त वर्षातून तीनदा बाहेर काढतात: मे महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला. डिसेंबरची तारीख १६३१ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची. संताचा अर्धपुतळा आणि रक्त मिरवणुकीने बाहेर नेलं आणि शहर बचावलं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे.

सप्टेंबरच्या सोहळ्यात पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे लक्ष ठेवा. त्या स्वतःला संताच्या 'नातेवाईक' म्हणवतात आणि जुन्या प्रार्थना मोठमोठ्याने म्हणतात. रक्त वितळायला उशीर झाला, की त्या त्याला 'पिवळ्या तोंडाच्या' म्हणून झापायच्या. चांदीच्या अर्धपुतळ्याला सोन्याचा मुलामा आहे ना! आपल्या जनाबाईने विठोबाला काही कमी सुनावलेलं नाही, त्यामुळे मराठी माणसाला यात गैर वाटायचं कारण नाही. आर्चबिशप कुपी तिरकी करून पाहतो. आतलं हललं, की पांढरा रुमाल फडकतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

न वितळणं हा अपशकुन. सप्टेंबर १९८० मध्ये वितळलं नाही आणि नोव्हेंबरमध्ये नेपल्सजवळच्या इर्पिनिया भागात भीषण भूकंप झाला, हे तिथे हमखास ऐकायला मिळतं. डिसेंबर २०२० मध्येही वितळलं नव्हतं. पण वितळूनही पंचाईत होऊ शकते! १७९९ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात असताना रक्त वितळलं, तेव्हा संताने फ्रेंचांवर कृपा केली असं मानून राजनिष्ठ लोकांनी संतालाच फितूर ठरवलं आणि त्याला हटवून पादुआच्या सेंट अँथनीला शहराचा पालक संत केलं. कारण राजाच्या बाजूची फौज शहरात शिरली ती १३ जूनला, म्हणजे सेंट अँथनीच्याच दिवशी. जेन्नारोला त्याची जागा परत मिळाली, पण काही वर्षांनी.

विज्ञानाचं म्हणाल, तर १९९१ मध्ये इटालियन रसायनतज्ज्ञांनी फेरिक क्लोराइड, खडूची भुकटी आणि मीठ वापरून मध्ययुगातही करता आला असता असा एक जेल (थलथलीत दाट पदार्थ) बनवला. तो स्थिर ठेवला की घट्ट राहतो, हलवला की पातळ होतो. कुपी तिरकी करण्याचा विधी पाहिला, तर मला हे स्पष्टीकरण पटतं. पण कुपी उघडून आतला नमुना तपासू दिलेला नाही, त्यामुळे तो अंदाजच. खुद्द चर्चही याला अधिकृतपणे 'चमत्कार' म्हणत नाही.

१९ तारखेला आत जागा हवी असेल तर सकाळी लवकर पोहोचा. गर्दी नकोशी वाटली तर एखाद-दोन दिवसांनी जा. सणानंतर आठवडाभर कुपी दर्शनाला ठेवतात.