वहीत कोणाची नावं नाहीत, ते बघ

थेरपिस्ट म्हणून काम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात तुझ्याकडे कोण आलं यापेक्षा कोण आलंच नाही, ते बघ. थेरपिस्टना तरुण, देखणे, बोलके, हुशार आणि यशस्वी क्लायंट आवडतात, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्कोफिल्ड यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलंय. वाचून मला राग आला होता. मग स्वतःची वही चाळली आणि गप्प बसले.

पुरुष बऱ्याचदा ‘उदास वाटतं’ म्हणत येत नाहीत. झोप नाही, चिडचिड होते, दारू वाढली, असं सांगतात. तेही बायकोने ढकलल्यावर. तिथे लगेच भावनांत शिरू नकोस, आधी कामाबद्दल, झोपेबद्दल विचार. बायका बोलायला तयार असतात, पण तासभर कुठे होतीस याचा हिशेब अनेकींना घरी द्यावा लागतो. फोनवर सेशन असेल तर पहिला प्रश्न हाच: ‘आत्ता एकट्या आहात ना?’

रोजंदारीवरच्या माणसाने दोनदा दांडी मारली की फाइलवर ‘इच्छाशक्ती कमी’ असं खरडू नकोस. तुझ्या एका तासासाठी त्याची दिवसाची मजुरी बुडते. संध्याकाळची वेळ देऊन बघ. आणि भाषा अडली तर दुभाषी शोध. आईचं दुखणं तिच्याच मुलाच्या तोंडून वदवून घेऊ नकोस.