१५ हजारांत फोटोग्राफी: आधी डबा, मग कॅमेरा

तुमच्याकडे १५ हजार आहेत, क्लासची फी परवडत नाही, राहायला मडगावात, आणि छंद म्हणून फोटोग्राफी शिकायला कुठला कॅमेरा घ्यावा असं तुम्ही विचारलंय. मी डिचोलीचा. सरकारी नोकरी नाही, म्हणजे या हिशेबातून मीही गेलोय.

पहिले दोन महिने काहीच घेऊ नका. मोबाईल अँड्रॉइड आहे म्हणता, तर त्यात ‘ओपन कॅमेरा’ हे फुकटचं ॲप टाका. बऱ्याच मोबाईलमध्ये त्यातून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) आणि शटर स्पीड (फोटो काढताना शटर किती वेळ उघडं) हाताने ठरवता येतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, मात्र मोबाईलमध्ये बहुधा ठरलेलंच असतं. असू दे, नवशिक्याला सांभाळायला तेवढीच एक गोष्ट कमी.

कॅमेऱ्याला समोर चर्च आहे की म्हैस आहे याचं काही देणंघेणं नसतं. जे दिसतं ते मध्यम राखाडी आहे असं धरून तो उजेड मोजतो. हे मी तीनदा वाचलं होतं आणि तीनदा विसरलो होतो. मग एकदा भर दुपारी पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांखाली उभा राहून फोटो काढला, तर पांढरंशुभ्र चर्च मळक्या चादरीसारखं आलं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण वाढवायची-घटवायची सोय) अधिक १ केलं आणि पांढरं पांढरं दिसलं. पुढच्या रविवारी तांबडी सुर्लाला महादेवाच्या देवळात नेमकं उलट झालं. दगड काळा, भोवती गर्द रान. कॅमेऱ्याने फोटो उजळून टाकला आणि दगडाचा काळेपणाच गेला. तिथे उणे १. हे दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कुठे गोष्ट डोक्यात बसली. तुम्हाला पणजीपर्यंत यायलाही नको, मडगावचं होली स्पिरिट चर्च तसंच पांढरं आहे.

शटर स्पीडसाठी पोदेर, म्हणजे पाव विकणारा, बरा. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येतो, तेव्हा शटर १/३० सेकंद ठेवा आणि त्याच्या वेगाने मोबाईल फिरवत फोटो काढा. पोदेर बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचं कुंपण पुसट यायला हवं. माझे पहिले चाळीसेक फोटो नुसते पुसट आले. पोदेराला वाटलं मी नगरपालिकेचा माणूस आहे. संध्याकाळचा उजेड शिकायचा तर जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट घ्या. साध्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे या काठावरून त्या काठावर दोनदा जा-ये करा. पणजीच्या फोंताईनास या जुन्या वस्तीत मात्र कुणाच्या दारात उभं राहून क्लिक करू नका. तिथली माणसं फोटोवाल्यांना विटलीत, काही घरांवर तशा पाट्याही आहेत.

दोन महिन्यांनंतरही हात शिवशिवत असतील तर जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, बघा. निकॉन डी३२०० किंवा कॅनन ११००डी, सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स). दोन्ही दहा वर्षांपेक्षा जुनी मॉडेलं, पण शिकायला भरपूर. मी २०१९मध्ये डी३२०० ११ हजारांना घेतला, अजून चालतो. घेताना तिथेच एक फोटो काढून फाइल मोबाईलवर घ्या. निकॉनच्या फाइलमध्ये आजवर किती क्लिक झाले तो आकडा असतो, आणि तो दाखवणाऱ्या फुकट साइट आहेत. डी३२००चं शटर कंपनीने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, त्यावरून काय ते ठरवा. मग ॲपर्चर एफ/१६ (म्हणजे भोक बारीक) करून आभाळाचा फोटो काढा, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. धूळ साफ होते, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, किंमत पाडा.

एका चुकीचे पैसे मी भरलेत, तुम्ही भरू नका. एका जाहिरातीवरून निकॉनची ५० एमएमची जुन्या पद्धतीची ‘डी’ लेन्स स्वस्तात उचलली. घरी आल्यावर कळलं की डी३२००च्या बॉडीत फोकसची मोटर नसते आणि त्या लेन्समध्येही नसते, म्हणून त्या लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं, मी विचारलं नाही एवढंच.

आता डब्याबद्दल. गोव्यात कॅमेऱ्याचा खरा वैरी पाऊस नसून दमट हवा आहे. माझी किट लेन्स रेक्झिनच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती, आईने वर गोधड्या रचल्या. गणपतीत काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करायला सांगितलेले पैसे लेन्सच्या किमतीएवढे. तेव्हापासून रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं मीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांत असावा. निळं जेल गुलाबी झालं की ओलावा भरला असं समजा आणि मंद आचेवर परतून पुन्हा निळं करा. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे भाकरीच्या तव्यावर नको, वेगळा जुना तवा ठेवा. तांदळात कॅमेरा पुरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ आत जातं. किनाऱ्यावरून आलात की आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने बॉडी पुसा, खारं वारं धातू खातं.

फोटो सुधारायला डार्कटेबल हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सुरुवातीला त्याचा पडदा पाहून घाबराल. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एवढंच शिका, बाकीचं पुढच्या पावसाळ्यात.

जुनी लेन्स बघायला जाल तेव्हा मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघा. पातळ धाग्यांची जाळी दिसली तर तिथूनच परत फिरा. नुसते सुटे कण असतील तर ती धूळ, चालते. काय दिसलं ते कळत नसेल तर टॉर्च मारलेला फोटो इथे टाका, बघून सांगतो.