“सगळेच खातात” म्हणणाऱ्या मुलास

प्रिय मित्रा,

तू लिहिलंस, “सर, टीममधले सगळेच तंबाखूचा मावा खातात. मी एकट्यानं नको म्हटलं तर बाजूला पडेन.” ही भीती मला खोटी वाटत नाही. तुझ्या वयात टीम म्हणजे अर्धं जग असतं.

पण ते ‘सगळेच’ जरा तपासू. 2019 साली देशभरातल्या 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. तंबाखूचा कुठला ना कुठला प्रकार वापरणारी मुलं निघाली 8.5 टक्के. म्हणजे शंभरातली नव्वदहून जास्त मुलं त्यापासून लांबच. तरी सगळे खातात असं वाटतं, कारण खाणारा दिसतो. मैदानाच्या कडेला तो पन्नीतली सुपारी, तंबाखू, चुना घासत बसतो, चौघं भोवती जमतात, पन्नी हातोहात फिरते. न खाणारा पाणी पितो, सायकल काढतो आणि घरी जातो. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. त्या चौघांतही एखाद्याला बहुधा नकोच असतं, पण बाकीच्यांना हवंय असं समजून तो हात पुढे करतो.

मोठी माणसं ‘वाईट संगत’ म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. पहिली चिमूट देणारा बहुतेकदा जिवाभावाचाच मित्र असतो आणि तो आपुलकीनंच देतो. म्हणून तर नाही म्हणणं जड जातं. 2005 मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी मुलांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं, की पुढे दामटायचं? 13 ते 16 वर्षांची मुलं मित्र बरोबर असताना जवळपास दुप्पट धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, फारसा फरक पडला नाही. तेव्हा हा तुझा कमकुवतपणा नाही, वयच तसं आहे. म्हणूनच काय करायचं ते घरीच ठरवून ये. पन्नी समोर आल्यावर ठरवायला बसू नकोस.

आणि एकटा राहू नकोस. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात आधीच पढवलेला गट रेषेच्या लांबीबद्दल धडधडीत चुकीचं उत्तर द्यायचा, आणि डोळ्यांना खरं दिसत असूनही लोक साधारण तीनातल्या एका वेळी गटाच्या मागे जायचे. गटातला एक जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण आधीच्या चौथाईवर यायचं. तुला अख्खी टीम सुधारायची नाही, असा एक जण शोधायचाय. सराव संपला की त्याच्याबरोबर निघ. भाषण नको, “मला नको रे” एवढं पुरे.

“मग नुसती सुपारी घे” असंही कुणी म्हणेल. तीही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड हळूहळू आवळत जातं.

टीममधला जो मित्र मावा खातो, त्याला हाताची तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायला सांग. जात नसतील किंवा तिखट खाताना तोंड जळत असेल, तर त्याला माझ्याकडे घेऊन ये. त्याला रागावणार नाही. जिल्हा रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांकडे मी स्वतः त्याच्याबरोबर जाईन.

तुझा,
सर