जुना पलंग घेताना

पहिल्यांदाच जुना पलंग घेतोयस, तर दिवसाउजेडी जा आणि टॉर्च बरोबर ठेव. गादी उचलायला लाव. फळ्यांच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत काळे बारीक ठिपके दिसले की समज, ढेकूण आहेत. फुकट दिला तरी परत फिर. पायांशी पिठासारखा भुसा पडला असेल तर लाकूड आतून पोखरलंय.

'सागवानी आहे हो' असं सगळेच म्हणतात. पॉलिश न केलेली खालची बाजू बघ. कडेला दाबलेला भुसा दिसला तर तो पार्टिकल बोर्ड. एकदा खोलला की स्क्रू पूर्वीसारखे धरत नाहीत. माझं कपाट असंच घर बदलताना गेलं, त्याचं दार आजही दोरीने बांधतो.

भाव टेम्पो आणि हमालीसकट धर. 60 बाय 78 इंचांची गादी वाकवून नेता येते, हेडबोर्ड नाही. लिफ्ट आणि जिन्याचं वळण आधी मोजून ठेव.

आणि स्वतःचं काही विकायला काढलंस तर: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. 'क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून दे.