माहितीपत्रकात नोंद नाही, मग हातांना भेगा कशाने?

प्रश्न : भोसरीला आमचा फायबरग्लासच्या टाक्या बनवण्याचा लहान कारखाना आहे. ब्रश, रोलर आणि हाताला चिकटलेले रेझिन काढण्यासाठी मुले दिवसभर ॲसिटोन वापरतात. पुरवठादाराच्या सुरक्षा माहितीपत्रकात ॲसिटोनमुळे डोळ्यांचा गंभीर दाह होतो असे लिहिले आहे, त्वचेपुढे मात्र ‘वर्गीकरण नाही’ असा शेरा आहे. तरीही काही मुलांच्या हातांना भेगा पडल्या आहेत. पत्रक चुकले आहे काय? शिवाय स्वस्त पडते म्हणून ६० टक्के ॲसिटोन, ३० टक्के टोल्युईन आणि १० टक्के ब्युटाईल ॲसिटेट असलेले मिश्र थिनर घेण्याचा विचार आहे. त्याची प्रयोगशाळेत चाचणी करावी लागेल काय?

उत्तर : पत्रक चुकलेले नाही, पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते, तो प्रश्न तुमच्या मुलांच्या हातांचा नाही.

त्वचादाहाच्या रूढ चाचणीचे मूळ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे, आणि ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या ४०४ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत ती आज नेमकी बांधलेली आहे. सशाच्या पाठीवरचे केस काढून अर्धा मिलिलिटर द्रव पट्टीखाली चार तास ठेवतात आणि पट्टी काढल्यावर २४, ४८ व ७२ तासांनी दिसणाऱ्या लालीला व सुजेला शून्य ते चार असे गुण देतात. तीनपैकी दोन प्राण्यांत सरासरी २.३ किंवा त्याहून वर गेली, तर पदार्थ त्वचादाहक ठरतो. अलीकडे सशाऐवजी मानवी पेशींपासून वाढवलेला त्वचेचा थर वापरतात; त्यातल्या जिवंत पेशी ५० टक्क्यांवर किंवा त्याखाली आल्या, तर निष्कर्ष तोच. दोन्ही चाचण्या एकाच संपर्काचा परिणाम मोजतात, आणि त्या एका संपर्कात ॲसिटोन दाहाची पायरी गाठत नाही.

तुमच्याकडे संपर्क एकदा होत नाही. डब्यात हात बुडवून बाहेर काढलेला मुलगा एकदा जवळून पाहा. ॲसिटोन ५६ अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे ते हातावरून क्षणात उडून जाते, हात गार पडतो आणि बोटांच्या पेरांवर खडू चोळल्यासारखा पांढरा थर दिसतो. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील स्निग्धांश ॲसिटोनने धुऊन नेलेला असतो. तोच स्निग्धांश आतले पाणी आत ठेवतो आणि बाहेरचे बाहेर. रात्रीतून त्याची थोडी भरपाई होते, पण दिवसातून वीस वेळा हात बुडवणाऱ्याला ती पुरत नाही आणि पेरांवर भेगा पडतात. पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन स्वतः त्वचादाहक आहे, आणि त्याला या भेगांमुळे वाट मोकळी होते. युरोपीय संघाच्या नियमांत ॲसिटोनला यासाठीच वेगळे वाक्य जोडलेले आहे : वारंवार संपर्काने त्वचा कोरडी पडू शकते किंवा तिला भेगा पडू शकतात. पत्रकाच्या दुसऱ्या आणि अकराव्या विभागात हे वाक्य शोधा. नसेल, तर पुरवठादाराला त्याबद्दल विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डोळ्यांबाबत निकष वेगळा आहे. तेथे मुख्य विचार इजा भरून येते की नाही याचा असतो : २१ दिवसांत पूर्ण बरी होणारी इजा दुसऱ्या श्रेणीत जाते, न भरणारी पहिल्या श्रेणीत. ॲसिटोन दुसऱ्या श्रेणीत आहे. अशी तपासणी आज कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलावरही होते; द्रव लावल्यावर ते पटल किती धुरकट होते आणि त्यातून रंग किती झिरपतो, हे मोजतात.

आता थिनर. घटकांचे प्रमाण ठाऊक असेल, तर चाचणीची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरण पद्धतीनुसार दुसऱ्या श्रेणीतले नेत्रदाहक घटक मिळून १० टक्के किंवा अधिक झाले की मिश्रण नेत्रदाहक ठरते. त्वचेसाठीही सर्वसाधारण मर्यादा तीच आहे. तुमच्या मिश्रणात ६० टक्के ॲसिटोन डोळ्यांची मर्यादा ओलांडते आणि ३० टक्के टोल्युईन, जे त्वचादाहक म्हणून वर्गीकृत आहे, त्वचेची. म्हणजे दाहाचा आज एक धोका नोंदलेला आहे, उद्या दोन होतील. त्याशिवाय टोल्युईनमुळे गर्भाला अपाय होण्याचा संशय वर्गीकरणातच नोंदलेला आहे. चार पैसे वाचतात म्हणून हे थिनर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हातमोज्यांचे गणितही त्याने बिघडेल. ॲसिटोनला ब्युटाईल रबर चांगले टिकते, टोल्युईनपुढे तेच रबर कमी पडते. पातळ नायट्राईल रबर दोन्हींपुढे काही मिनिटांत हार मानते. मिश्रण वापरायचेच झाले, तर अनेक थरांच्या प्लास्टिक पटलाचे हातमोजे घ्यावे लागतील. मात्र हात धुण्यासाठी कोणतेच सॉल्व्हंट, म्हणजे ॲसिटोन किंवा थिनरसारखा विरघळवणारा द्रव, वापरू देऊ नका. रेझिन हाताला लागणारच नाही अशी हातमोज्यांची सोय करा, लागलेच तर सॉल्व्हंट नसलेली हात धुण्याची पेस्ट द्या, आणि पाळी संपताना साधे मलम.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगतो. तुमच्या कारखान्यात डोळ्यांना सर्वांत मोठा धोका ॲसिटोनचा नाही, रेझिन घट्ट करण्यासाठी घालतात त्या कॅटॅलिस्टचा, म्हणजे मिथाईल इथाईल किटोन परॉक्साईडचा, आहे. त्याचा एक शिंतोडा दृष्टी कायमची घालवू शकतो, आणि डोळा धुणे सुरू होईपर्यंत गेलेला प्रत्येक सेकंद उशिराचा असतो. डोळे धुण्याचा नळ ऑफिसबाहेर असेल, तर तो कॅटॅलिस्ट मोजण्याच्या टेबलाशेजारी आणा, सलग पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी मिळेल याची खात्री करा, आणि डोळे मिटूनही तिथवर पोहोचता येते का, हे प्रत्येक मुलाकडून एकदा करवून पाहा.