टायमिंग बेल्ट घरी बदलण्यापूर्वी

खानापूर भागात पावसाळ्यात अंगणातील तांबडी माती इतकी मऊ होते की जॅक हळूहळू रुतू लागतो. त्यामुळे त्याखाली जाड फळी घ्यावी आणि गाडी उचलताच तिचा भार स्टँडवर द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडून फिरवणारा दातेरी पट्टा, स्वतः बदलायचे तुम्ही ठरवलेच असेल, तर खरे काम खुणांचे आहे. जुना बेल्ट काढण्यापूर्वी क्रँक आणि कॅमच्या पुलीवरील खुणा इंजिनावरील खुणांशी जुळवाव्यात, फोटो काढावा आणि पांढऱ्या रंगाचा ठिपकाही द्यावा, कारण ग्रीसने माखलेल्या बोटांखाली खूण कधी पुसली जाते ते कळतही नाही. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा एका दात्याची चूक झाली. गाडी सुरू झाली, पण जांबोटीकडे जाताना साध्या चढावरही दुसऱ्या गियरवर यावे लागले.

नवा बेल्ट ताणून बसवल्यावर स्टार्टर मारण्याची घाई करू नये. स्पार्क प्लग काढून ठेवावेत आणि क्रँक पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच, पूर्ण २ फेरे फिरवावा. तेवढ्यात कॅमचा १ फेरा होतो आणि सर्व खुणा पुन्हा जुळायला हव्यात. मध्येच काही अडले तर जोर लावू नये. अनेक इंजिनांत ते व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचे लक्षण असते. जुन्या बेल्टवर तेल दिसल्यास ऑइल सील आधी बदलावे.